इंटरकूलर

एप्रिलात भिशी उचलली, अठरा हजार.
वैजंताचं ठरलेलं होतं: कूलर,
लोखंडी, वाळ्याच्या जाळीचा.
मी म्हणालो, कूलरच आणतो.

खोटं बोललो नाही.
भंगारात एका ठोकलेल्या डिझेल गाडीच्या नाकामागं
होताच की तो,
हातभर लांब, पत्र्याच्या बारीक घड्या,
घडीत एक वाळलेला टोळ.

जालन्यात लोखंड मरायला येतं
आणि सळई होऊन परत निघतं.
मधल्या वेळात हात घालायचा असतो.
वसीउल्लानं घातला. टर्बो काढला,
नारळाएवढा, शंखासारखा वळलेला.
बोटानं पातं फिरवलं, कानाशी धरलं,
बाया मडकं वाजवून घेतात तसं.
"शाफ्ट में जान है. साडेचार दे."
चारला तुटलं.

माझी झेन, दोन हजार चारची.
जालना ते शेंद्रा, शेंद्रा ते जालना,
मागं तिघं, पेट्रोलची वर्गणी देणारे.
बदनापूरच्या पुढं सळयांच्या ट्रेलरमागं अडकलो
की आधी एसी बंद करायचा,
मग चौघांनी पुढं झुकायचं.

शनिवारी दुपारी दोनला बॉनेट उघडलं.
सोमवारी सातला माझी फर्स्ट शिफ्ट.
दुसरी गाडी नाही, शिल्लक रजा नाही.
वाफेच्या पाइपाचे बेंड कापून मॅनिफोल्ड,
ऑइल प्रेशरच्या सेन्सरपाशी टी टाकून तेलाची नळी,
चेंबरला भोक, भोकाला पितळी झाळ,
होज कुठल्याशा टेम्पोचे.
क्लिपा तेवढ्या नव्या.

जाता जाता धूर पातं फिरवून जातो,
त्याच दांडीवर पलीकडं दुसरं पातं,
ते हवा कोंबतं.
"म्हणजे फुकटच की," मी म्हणालो.
वसीउल्लानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला.
"फुकट का दम, भाई, इंजन से ही वसूल होता."

रविवारी रात्री अकराला, अंबड चौफुलीच्या पुढं,
सहा पौंडाला
आत कुणीतरी फुटाणे भाजायला घेतले.
पाय काढला.
हेडची पॅकिंग, पिस्टन, उद्याचे सात,
सगळं एकदम आठवलं.
रस्त्याच्या कडेला मोबाईलच्या उजेडात
वेस्टगेटचा रॉड दोन आटे सैल केला.
पाच. पाचच्या वर आपली ऐपत नाही.

गुरुवारी वैजंतानं विचारलं, "कूलर कुठंय?"
बॉनेट उघडून दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
बेचाळीस होतं. घरात पंखा
तीच हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेत होता.
"गाडीला गार हवा पायजे," ती म्हणाली,
"आन् आपल्याला?"
उत्तर नव्हतं. किल्ली दिली.

अंबड रस्ता, सात वाजलेले, काचा खाली.
तिसऱ्या गिअरात, अडीच हजारावर,
पुढून शीळ आली,
कुकरची नाही, दाताआडून घातल्यासारखी बारीक,
आणि एक अख्खा ट्रेलर, सळयांच्या लाल फडक्यासकट,
आमच्या मागं राहिला.
ती हसली नाही.
चौथा टाकला.

दाराशी आल्यावर तिचा हात किल्लीवर.
"थांब," मी म्हणालो, "एक मिनिट चालू राहू दे.
आत तापून लाल असतं.
तेल फिरायचं थांबलं तर बेअरिंगवरच जळून बसतं."
"रोज?"
"रोज."

बसलो.
समोर टँकरखाली घागरी लागलेल्या,
शेजारच्यांचा कूलर गल्लीत थेंब थेंब गळायला.
वैजंता ओठातल्या ओठात मोजत होती.
साठ झाले. तिनं किल्ली फिरवली नाही.
"पुढची भिशी माझी," म्हणाली.
आणखी थोडं थांबून
मग फिरवली.